जेकसाठी एक दिवस: या, आणि गॅरेजमधला बोर्ड घेऊन या

सप्रेम नमस्कार मंडळी,

न्यू इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाचा बर्फाळ गट मार्चच्या दुसऱ्या शनिवारी व्हरमाँटमधल्या स्ट्रॅटन डोंगरावर जमणार आहे. निमित्त जेक बर्टन कार्पेंटर यांच्या आठवणीचं. स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ) करणारे जगभर त्यांना नुसतं 'जेक' म्हणतात, म्हणून आम्हीही इथून पुढे एकेरीवर येतो, ज्येष्ठांनी रागावू नये. २० नोव्हेंबर २०१९ रोजी बर्लिंग्टनमध्ये कर्करोगानं तो गेला. वय ६५. पुढच्या मार्चपासून बोर्डवाले ठिकठिकाणी त्याच्या नावानं एक दिवस डोंगरावर काढू लागले. फोटोला हार नाही, अध्यक्षीय भाषण तर नाहीच. सगळ्यांनी मिळून बोर्डावरून खाली यायचं, झालं स्मरण.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. १९७७ साली न्यूयॉर्कमधली बरी नोकरी सोडून जेक व्हरमाँटच्या लंडनडेरी गावात आला आणि एका शेतघरात लाकडाचे बोर्ड बनवायला बसला. शंभराच्या आसपास नमुने करून पाहिले. रात्री बारमध्ये पेले भरायचे, उन्हाळ्यात टेनिस शिकवायचं आणि उरलेला वेळ लाकूड तासायचं, असे दिवस होते. वारशानं आलेला पैसा त्यात गेला आणि पहिल्या वर्षी विकले गेले जेमतेम तीनशे-साडेतीनशे बोर्ड. आपल्याकडच्या कुठल्याही काकांनी त्याला तेव्हा "पोरा, परत नोकरी धर" असंच सांगितलं असतं, आणि हिशेबानं ते चुकीचंही नसतं.

त्याला स्नोबोर्डचा जनक म्हणतात ते मात्र आम्हाला पुरतं पटत नाही. मिशिगनमधल्या मस्कीगनच्या शर्मन पॉपेन यांनी १९६५ च्या नाताळात मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यातून 'स्नर्फर' नावाचं खेळणं निघालं. जेक स्वतः पोरवयात त्याच स्नर्फरवर घसरायला शिकला. पॉपेनही २०१९ मध्येच, जुलैच्या शेवटच्या दिवशी गेले. आपल्या स्ट्रॅटनच्या कार्यक्रमात त्यांचंही नाव घेऊ. कॅलिफोर्नियात टॉम सिम्स आपल्या परीनं बोर्ड घडवत होताच. जेकचं खरं काम आमच्या मते वेगळं आहे. त्यानं बोर्डवाल्यांसाठी डोंगर उघडून घेतला.

आज डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टच्या रांगेत स्की आणि बोर्ड शेजारी शेजारी उभे असतात, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी बोर्ड पाहिला की लिफ्टवर चढूच देत नसत. विम्यात बसत नाही, स्कीवाल्यांना धोका होतो, ही कार्टी दंगा करतात, अशी कारणं तयार असायची. १९८५ मध्येसुद्धा अमेरिकेतल्या शंभर स्की-केंद्रांतली दहाही बोर्डाला परवानगी देत नव्हती. बोर्ड खांद्यावर टाकून पायी चढायचं आणि दोन मिनिटांत खाली यायचं, असा तो खेळ होता. जेकनं लंडनडेरीच्या शेजारच्या या स्ट्रॅटनवाल्यांचा पिच्छा पुरवला आणि १९८३ मध्ये त्यांनी दार उघडलं. पुढे इथल्या स्पर्धांना जगभरातले लोक येऊ लागले आणि १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोला स्नोबोर्ड ऑलिम्पिकमध्ये गेला. म्हणून आपण जमायला स्ट्रॅटन निवडला आहे. (व्हरमाँटमध्येच मॅड रिव्हर ग्लेन नावाचं केंद्र आजही बोर्डाला मज्जाव करतं. तिथल्या स्कीवाल्या मित्रांना आमचा नमस्कार, चहाला जरूर या.)

आता मुद्द्याचं. बोर्डाला डोंगराचं दार उघडं आहे, पण पोरांना ते उघडं आहे का? मोठ्या केंद्रावर एका दिवसाचं लिफ्टचं तिकीट शंभर डॉलरच्या वर जातं. बोर्ड, बूट, हेल्मेट, जाकीट, हातमोजे हे सगळं वेगळं, आणि वाढत्या मुलाला बूट दर वर्षी नवे लागतात. दोन पगारांच्या घरातही आईबाप आकडा पाहून गप्प होतात, मग एका पगाराच्या घराचं काय? जेक आणि त्याची पत्नी डॉना यांनी १९९५ मध्ये 'चिल' नावाची संस्था सुरू केली ती यासाठीच. ज्या मुलांपर्यंत हा खेळ एरवी पोचलाच नसता त्यांना ती सहा आठवडे फुकट बर्फावर नेते. साहित्यही तिचं, शिकवणारेही तिचे. प्रत्येक आठवड्याला शिकवायला स्वभावातला एक गुण घेतात, त्यात धीर आणि चिकाटीही आहे. बोर्डावर पहिल्या दिवशी किती वेळा आपटायला होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या दोन गुणांचं प्रयोजन समजावून सांगायला नको.

तर या दिवशी जमणारी सगळी रोख देणगी 'चिल'ला जाईल. माणशी पंचवीस डॉलर सुचवतो आहोत, कमी-जास्त चालेल. विद्यार्थ्यांनी द्यायची गरज नाही, त्यांनी नुसतं यावं.

दुसरी मागणी वस्तूंची आहे आणि ती आपल्याच लोकांसाठी आहे. दर वर्षी पुण्या-नाशकाहून, कोल्हापूर-नागपूरहून नवी कुटुंबं इथे येतात आणि पहिला हिवाळा खिडकीतून बघण्यात जातो. त्यांच्यासाठी मंडळात उसनं देण्याचं कपाट सुरू करायचं आहे. लहान झालेले बूट, जाकिटं, बर्फात घालायच्या विजारी, गॉगल, मनगट सांभाळणारे पट्टे, काहीही द्या. बोर्डाची कड गंजली असली तरी चालेल, घासून घेऊ. मेण आम्हीच जुन्या इस्त्रीनं लावतो. हेल्मेट मात्र कधी जोरात आपटलेलं असेल तर आणू नका. वरून धड दिसलं तरी आतून गेलेलं असतं आणि ते दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावर चढवायची आमची तयारी नाही.

तिसरी मागणी माणसांची. ज्यांना बोर्ड येतो त्यांनी दुपारपर्यंतचा वेळ नवख्यांना द्यावा. लिफ्टवर बसताना मागचा पाय मोकळा ठेवायचा, पडायचं तर मूठ मिटून पडायचं, एवढं शिकवणारा कोणी शेजारी असला की भीती अर्धी होते. आजी-आजोबांनी पायथ्याशी बसून बुटांच्या ढिगावर लक्ष ठेवलं तरी मोठंच काम होईल. चहाचे थर्मास आणि वडापाव मंडळाकडून. चटणी कोणीतरी घरून आणावी, मागच्या वेळची तिखट नव्हती अशी तक्रार आली आहे.

दुपारी लिफ्ट बंद व्हायच्या आधी, ज्यांना झेपेल ते सगळे वरून एकत्र खाली येतील. २०१५ मध्ये मिलर फिशर या मज्जातंतूंच्या आजारानं जेकला अंथरुणाला खिळवलं होतं. डोळे उघडत नव्हते, बोलता येत नव्हतं, तो लिहून संवाद साधायचा. त्यातून उठून तो पुन्हा बोर्डावर उभा राहिला. तेव्हा "गुडघा दुखतो" हे कारण त्या दिवशी तरी विचारपूर्वक द्यावं.

बॉस्टनहून गाडीनं तीनेक तास लागतात. कोणाच्या गाडीत किती जागा आहे ते कार्यवाहांना कळवा, म्हणजे गाडी नसलेल्यांची सोय लागेल. वस्तू फेब्रुवारीअखेर मंडळाच्या कार्यालयात पोचवा, बुटांवर माप लिहायला विसरू नका. देणगी खजिनदारांकडे द्यावी, पावती मिळेल, आणि जमाखर्च एप्रिलच्या सभेत मांडला जाईल. पाऊस लागला तर कार्यक्रम पुढच्या शनिवारी. बर्फ पडला तर अर्थातच ठरल्या दिवशी.

आपली,
कार्यकारिणी