हृदयाच्या तालाचे प्रशिक्षण ‘कर्तव्यसूचीत नाही’: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार. मी राज्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. माझी बहुतेक नोकरी हृदयरोग अतिदक्षता विभागात आणि कॅथलॅबमध्ये (हृदयात नळी घालून तपासणी-उपचार करतात त्या खोलीत) गेली. गेल्या आठवड्यात अंतर्गत बदलीचा आदेश हाती पडला आणि सोमवारी मी नेत्रकक्षात रुजू झाले. मोतीबिंदूच्या रुग्णांची सेवा हलकी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही; पण माझ्या जागी आलेल्या कंत्राटी मुलीने तात्पुरता पेसमेकर, म्हणजे विजेचे इशारे देऊन हृदयाचे ठोके चालू ठेवणारे यंत्र, त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला तो शिकवण्यापुरते तरी मला तिथे राहू द्यावे ही विनंतीही मान्य झाली नाही. आदेशासोबत आणखी एक कागद होता. हृदयतालाच्या विकारांवरील प्रशिक्षणासाठी, तेही स्वखर्चाने, मी मागितलेली रजा नामंजूर झाली होती. कारण, ‘सदर विषय आपल्या कर्तव्यसूचीत समाविष्ट नाही.’

कर्तव्यसूचीत नसलेले हे काम कसे असते, ते आपल्यापर्यंत बहुधा पोहोचलेले नसावे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पूर्ण हार्ट ब्लॉक झालेले, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा इशाराच न पोहोचणारे, एक काका आमच्याकडे होते. जांघेतील शिरेतून घातलेल्या तात्पुरत्या पेसमेकरवर त्यांचे हृदय चालले होते. मध्यरात्री मॉनिटरवर पेसमेकरचे स्पाइक (त्याच्या इशाऱ्यांच्या उभ्या रेघा) ठरल्या अंतराने दिसत होते, पण त्यामागे हृदयाचा ठोका उमटत नव्हता. नवख्या नजरेला ही पट्टी ठीकच वाटते, कारण कधी कधी मॉनिटर स्पाइकच मोजतो आणि साठचा आकडा बिनदिक्कत दाखवत राहतो. मनगटाला हात लावला तर नाडी जेमतेम लागत होती आणि काकांची शुद्ध हरपत चालली होती. वायरींची जोडणी तपासणे, पेसमेकरचा आउटपुट, म्हणजे इशाऱ्याची ताकद, वाढवणे, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवणे आणि त्याच वेळी दुसऱ्या सिस्टरकडून डिफिब्रिलेटरचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड छातीवर लावून घेणे, हे सगळे निवासी डॉक्टर जिना चढून येईपर्यंत उरकले होते आणि ठोका परत आला होता. त्या रात्री बारा खाटांना आम्ही दोघी होतो. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. आमची तिसरी सिस्टर कोणा मान्यवरांच्या दौऱ्यामागच्या रुग्णवाहिकेत होती.

हे मला कोणत्या अभ्यासक्रमाने शिकवले? कोणत्याही नाही. हृदयाची अतिवेगवान धडधड थांबवणारे ॲडिनोसिन झपकन देऊन त्यामागे लगेच सलाइन का ढकलायचे, ताल सावरणाऱ्या ॲमिओडॅरॉन औषधाने हाताची शीर सुजते ती कशी वाचवायची, साध्या वाटणाऱ्या अँटिबायोटिकनेही क्यूटी अंतर (ईसीजीवर मोजला जाणारा ठोक्याच्या विद्युत चक्राचा वेळ) वाढून रुग्ण कसा दगावू शकतो, छातीतल्या आयसीडीने, म्हणजे जीवघेणा ताल ओळखून आपोआप झटका देणाऱ्या यंत्राने, एकदा झटका दिला आणि लागोपाठ तीनदा दिला यांत काय फरक, हे सारे मी माझ्या परिसेविकांकडून उभ्या उभ्या शिकले. त्या निवृत्त झाल्या. त्यांचे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत नाही, आणि आता माझे नेत्रकक्षात आहे.

परिषदेच्या मान्यतेचे विशेष परिचर्येचे एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम आहेत आणि त्यांत हृदय व छाती परिचर्येचाही आहे, हे मला ठाऊक आहे. पण हृदयाचा ताल आणि त्यासाठी बसवायची उपकरणे हा आता स्वतंत्र विषय झाला आहे. बायपासनंतरच्या शुश्रूषेचे शेपूट म्हणून तो किती काळ शिकवणार? दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात, तेही आम्ही दाखवतो. एखाद्या सभागृहात दिवसभर बसायचे, चहा-बिस्किटे घ्यायची आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचे. सभागृहातल्या विषयाचा आपल्या विभागाशी काही संबंध आहे का, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

इंग्लंडमध्ये ॲरिदमिया नर्स, म्हणजे हृदयतालाच्या विकारांची खास परिचारिका, हे वेगळे पद आहे. तिथल्या सरकारने २००५ मध्येच हृदयरोगाच्या राष्ट्रीय धोरणात तालाचे विकार आणि आकस्मिक हृदयमृत्यू यांवर स्वतंत्र प्रकरण जोडले. युरोपीय हार्ट रिदम असोसिएशन डॉक्टर नसलेल्या सहकाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा घेते; आंतरराष्ट्रीय हार्ट रिदम परीक्षक मंडळाची परीक्षाही परिचारिकांना खुली आहे, फक्त तिचे शुल्क डॉलरमध्ये आहे आणि आमचा पगार कशात आहे हे आपण जाणताच. आमच्या विभागातून परदेशी गेलेल्या मुली तिकडे सन्मानाने अशा परीक्षा देतात. त्यांना तयार केले आमच्या वॉर्डांनी, आणि थांबवून ठेवण्यासारखे इथे काही नव्हते.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत गरिबाला पेसमेकर मोफत मिळतो, ही खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि तिची जाहिरात मान्यवरांच्या छायाचित्रांसह सर्वत्र लागलेली असते. पुढचे मात्र जाहिरातीत येत नाही. तो बसवलेला पेसमेकर तपासायला लागणारा प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकरमधील माहिती बाहेरून वाचणारे यंत्र, आमच्या रुग्णालयात कंपनीचा माणूस बॅगेतून आणतो. तालुक्याहून पहाटेच्या एसटीने आलेली आजी त्याची वाट पाहत बाकावर बसून राहते, कारण बॅटरी किती उरली आहे हे वाचण्याचा अधिकार आणि प्रशिक्षण रुग्णालयातल्या एकाही परिचारिकेला दिलेले नाही. राज्यातल्या निम्म्या सरकारी रुग्णालयांत तरी हेच चित्र असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

पण आम्ही कुठेही बसवता येणारी माणसे, हेच शासनाने ठरवलेले दिसते. आज हृदय, उद्या डोळा, परवा निवडणुकीचे काम. बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून आम्ही २०२२ मध्ये संप केला. तेव्हा रुग्णांची आठवण करून देणाऱ्यांना बारा खाटांवर दोघी असताना रुग्ण आठवत नाहीत. १९४७ चा परिचर्या कायदा बदलायला देशाला ७६ वर्षे लागली. २०२३ च्या नव्या कायद्यात शिक्षण, मूल्यांकन, नोंदणी यांची मंडळे आहेत, म्हणजे मंडळांची ददात नाही. दर १२ मे रोजी आम्हाला गुलाबाचे फूल मिळते आणि आम्ही देवदूत असल्याचे भाषण मिळते. देवदूतांना अभ्यासरजा लागत नसावी.

माझे मागणे एवढेच आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने परिचारिकांसाठी हृदयतालाचा अभ्यासक्रम सुरू करावा, त्यात प्रत्यक्ष हाताळलेल्या रुग्णांची नोंदवही आणि शेवटी खरी परीक्षा असावी, आणि उत्तीर्ण झालेल्यांची नोंद राज्य परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत व्हावी. त्यांना पगारी अभ्यासरजा मिळावी. त्यांची बदली किमान पाच वर्षे त्यांच्या संमतीविना दुसऱ्या विभागात होऊ नये, आणि उपकरण तपासणीचे काम रुग्णालयाच्या स्वतःच्या माणसांना शिकवावे.

हे पत्र आपल्या कार्यालयातून संचालनालयाकडे, तिथून अधिष्ठात्यांकडे आणि तिथून अधिसेविकांकडे ‘उचित कार्यवाहीस्तव’ येईल, आणि कार्यवाही म्हणून माझ्याचकडून खुलासा मागवला जाईल, याची मला कल्पना आहे. नाव लिहिलेले नसले तरी मला शोधणे अवघड नाही. म्हणून खुलासा इथेच देते: हे पत्र लिहिण्यापूर्वी मी वरिष्ठांची परवानगी मागितली नाही, कारण ती मिळाली नसती.

आपली विश्वासू,
एक अधिपरिचारिका, सध्या नेत्रकक्ष