आमच्या वाडीत लढाई टपालानं आली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला १९७१ च्या लढाईवरचा लेख वाचला. जवानांच्या आठवणी चांगल्या आल्यात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांनी ती लढाई फक्त रेडिओवर ऐकली, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे, ते खटकलं. लेखकानं खानापूर तालुक्यात कुठल्याही घरी बसून एक कप चहा घेतला असता तर हे वाक्य लिहिलं नसतं. आमच्याकडचे कर्ते पुरुष तेव्हा गावात होतेच किती? ते गलाईला होते.

गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. सराफाकडचं जुनं डागाचं सोनं घ्यायचं, मुशीत (गाळायच्या भांड्यात) घालून भट्टीत आटवायचं, त्यात चांदी मिसळायची आणि तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचं. चांदी विरघळते, सोनं तळाला राहतं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडं साताऱ्याचे माण-खटाव, इथली माणसं हा धंदा घेऊन देशभर गेली, कारण इथं पाऊस नव्हता. पेपरात 'दुष्काळी पट्टा' छापून येतो तो हाच.

माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, अमृतसरला गुरुबाजारातल्या एका बोळात गलाई करायचे. माझा दादा सतराव्या वर्षी त्यांच्याकडं गेला. मिरजेहून मुंबई आणि तिथून फ्रंटियर मेल. मी तेव्हा नववीत होते. वाडीतली नववीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी, म्हणून पत्रं वाचायचं काम माझ्याकडं. अमृतसर, जालंधर, कानपूर, कलकत्ता, मद्रास, गुवाहाटी, सगळीकडून पत्रं यायची आणि बायका दळण ठेवून माझ्याकडं यायच्या. माझा भूगोल असा झाला. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात अमृतसरवर बोट ठेवलं की लाहोरही त्याच बोटाखाली झाकलं जायचं. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

फौजेतल्या पोरांची पत्रं वेगळी असायची. पत्त्यात '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, गावाचं नाव कुठंच नाही. 'मी खुशाल आहे, बैलाची काळजी घ्या.' ती वाचायला सोपी. गलाईवाल्यांची पत्रं लांबलचक, कारण त्यांना कुणी अडवत नव्हतं.

त्या साली बांगलादेशातून एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले होते. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावायचा हुकूम निघाला. आधी कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच 'निर्वासित साहाय्य' अशा अर्थाचं छापून ती विकली. पोस्टात तिकिटं आली आणि चर्चा झाली ती त्याचीच, की कुटुंबनियोजन केलं नाही तर सरकार आता दंड घेणार. आमच्या वाडीत अशा गोष्टी लवकर पसरतात.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरच्या विमानतळांवर हल्ले केले. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. एका गलाईवाल्याच्या घरी ट्रान्झिस्टर होता, तो ओसरीवर आणून ठेवला. बातम्यांत अमृतसरचं नाव आलं आणि आई उठून गोठ्यात गेली. जुन्या माणसांची समजूत अशी की ही लढाई यशवंतरावच चालवतायत. १९६५ ला ते संरक्षणमंत्री होते हे खरं, पण आता ते अर्थमंत्री होते आणि संरक्षण जगजीवनरामांकडं होतं. मी हे सांगितलं तर आमचे एक आजोबा म्हणाले, "तू लहान हायस."

पोलीस पाटलांनी येऊन सांगितलं, रात्री दिवे घालवायचे. वाडीत वीजच नव्हती. चिमण्या होत्या, त्याही जेवण झालं की आपोआप विझायच्या, रॉकेल कुठलं? पण कुणीतरी उठवलं की पाकिस्तानी कोयना धरणावर बाँब टाकणार. कोयनेचा भूकंप होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट कुणी विसरलं नव्हतं. त्यामुळं ११ तारखेला निम्मी वाडी अंगणात झोपली, थंडीत. विमान काही आलं नाही, पण तीन पोरांना खोकला झाला.

दादाचं पत्र मात्र नाही. आई रेणावीच्या रेवणसिद्धाला नवस बोलली की पोरगं सुखरूप असू दे, अनवाणी येऊन नारळ फोडीन. १४ तारखेला पोस्टमन आले ते बैरंग पत्र घेऊन. पाकिटावर जादाचं तिकीट नव्हतं, म्हणून दुप्पट पैसे आम्ही द्यायचे. दहा पैसे. घरात सुटे नव्हते. आजी म्हणाली, "त्यानं तिकीट लावलं न्हाई, आमी का द्यायचं?" आणि पोस्टमन खरंच वळले. नियम म्हणजे नियम. मी उंबऱ्यात उभी, मागून आई पदराखाली दोन अंडी घेऊन धावली. पोस्टमननी अंडी घेतली आणि दहा पैसे स्वतःच्या खिशातून भरले. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण हा हिशेब पोस्टाच्या कुठल्या नियमात बसतो हे मला आजही ठाऊक नाही.

पत्र ५ डिसेंबरचं होतं. दोन्ही बाजूंनी भरलेले चार कागद. दादानं लिहिलं होतं की महिनाभर आधीपासूनच लोक दागिने घेऊन यायला लागले, आटवून लगड (सोन्याची कांडी) करून द्या म्हणत, पळताना न्यायला सोपी. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं घरात लगड ठेवायला बंदी होती, म्हणून आण्णांनी सगळ्यांना परत पाठवलं. काही लोक शिव्या देऊन गेले. मग ३ तारखेची संध्याकाळ. भोंगा झाला तेव्हा मूस भट्टीत होती. भट्टीचा उजेड वरून दिसतो, म्हणून शेजारचे ओरडायला लागले. इझवायच्या गडबडीत दादानं बादलीच ओतली, मूस तडकली आणि रस उडून त्याच्या मनगटावर पडला. मग सगळा बोळ अंधारात, तो हात पाण्यात घालून जिन्याखाली बसलेला, आणि वरून विमानं. 'भिंतीवरची माती तेजाबात पडत होती' असंही एक वाक्य होतं. इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी वाचलं ते असं : "दादा खुशाल आहे. आण्णा खुशाल आहेत. संध्याकाळी भट्टी लवकर बंद करतात, त्यामुळं आराम मिळतो. थंडी फार आहे. घोंगडं उपयोगी पडलं."

आई चुलीसमोर बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "चार कागदं भरून लिवलंय, आन् तू एवढंच वाचलंस?"

मी म्हणाले, "दादाचं अक्षर मोठं आहे गं."

ती काही बोलली नाही. भाकरी उलथली.

१६ तारखेला ढाक्याला पाकिस्तानी फौज शरण आली. ट्रान्झिस्टरवर बातमी ऐकताच वाडीत गूळ वाटला, पोरांनी चाबकाचे फटके वाजवले. आईनं गूळ तोंडात घातला नाही. मला विचारलं, "ढाका अमृतसरपासनं किती लांब?" मी नकाशा आठवून हात पसरून दाखवला, देशाचं ते टोक आणि हे टोक. म्हणाली, "मग आपली कुठं थांबलीय?" आणि बरोबरच होतं तिचं. पश्चिमेकडची लढाई थांबली ती दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला रात्री आठला. त्या रात्री तिनं आदल्या दिवशीचा गुळाचा खडा तोंडात टाकला.

वाडीतला एक जण फौजेच्या १ मराठा पलटणीत होता. तो परत आल्यावर बांगलादेशातल्या जमालपूरची गोष्ट सांगायचा. तिथल्या पाकिस्तानी पलटणीला आपल्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर उत्तराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलंच. ही हकीगत पुढं पुष्कळ ठिकाणी छापून आली, पण मी ती आमच्या ओसरीवर आधी ऐकली. पत्रात गोळी येते यावर बायकांचा विश्वास बसेना. एकीनं विचारलं, "मग त्येला तिकीट किती बसलं?"

दादा चैत्रात आला. डाव्या मनगटावर रुपयाएवढा चट्टा, गुळगुळीत. आईनं त्याला भाकरी वाढता वाढता हात धरला, उलटा केला, बघितला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "व्हय, अक्षर लई मोठं हाय ह्याचं."

पुढं ७२ चा दुष्काळ आला आणि लढाईबद्दल बोलायला कुणाला वेळ राहिला नाही. सगळे खडी फोडायला गेले. मी पुढं शिक्षिका झाले, ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत अमृतसर नकाशात दाखवलं.

२०२५ च्या मे महिन्यात अमृतसरला पुन्हा दिवे घालवले, तेव्हा दादाचा थोरला तिथंच होता, त्याच धंद्यात. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या पडद्यावर नुसता काळोख आणि त्याचा आवाज. वहिनी समोर बसून सगळं बघत होती, ऐकत होती, मध्ये वाचणारं कुणी नाही. मला ते जास्त भयंकर वाटलं, पण हे माझं मत झालं. दादाला आता नीट ऐकू येत नाही. त्यानं फोन कानाला लावून मोठ्यानं विचारलं, "भट्टी इझवली का?" पोरगा म्हणाला, आता गॅसची आहे, कॉक फिरवला की झालं. दादाला ऐकू गेलं नसावं. त्यानं पुन्हा तेच विचारलं.

तर विनंती अशी, की हा विषय पुन्हा काढाल तेव्हा फौजेबरोबर गलाईवाल्यांच्या घरीही माणूस पाठवा. विट्यात, आटपाडीत अजून घरोघर ट्रंका आहेत आणि त्यांत पत्रं आहेत. वाळवी लागायच्या आत या. दादाचं बैरंग पत्र माझ्याकडं आहे. आपला प्रतिनिधी आला तर फोटो काढू देईन, न्यायला देणार नाही. शाई फिकी झालीय, त्याला अक्षर लागणार नाही. मी वाचून दाखवीन, चारही कागद.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, विटा (जि. सांगली)