स्किल लॅबवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, समोर बोलायला गेलं की तुम्ही "त्यात कसले गो आभार" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी लिहूनच टाकतेय.

मेडिसिनची पहिली पोस्टिंग, एका बेडभोवती आम्ही पंधरा जण, प्रत्येकाला स्टेथो लावायला जेमतेम अर्धा मिनिट, पेशंट बिचारे कूस बदलून बदलून दमलेले, आणि मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला का विचारल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. साखळीला परत जाताना कदंबा बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं, आजारी माणसाला त्रास दिला आणि वर खोटं बोलले हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये नुसतीच उभी होते, तुमची घरी जायची वेळ झालेली, तरी तुम्ही बॅग खाली ठेवली आणि मॅनिकिन, तो हृदयाचे आवाज काढणारा पुतळा, परत चालू केला. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झाली की येणारा आवाज, लावलात. मला कळेना, मग टॅबवर हार्ट रेट शंभरवरून साठवर आणलात आणि दोन ठोक्यांमधली जागा एकदम मोकळी झाली, त्या जागेत काहीतरी घरघरतंय असं वाटलं. "आता काढतो," म्हणालात, घरघर गेली. "आता घालतो," परत आली. असं किती वेळा केलंत देव जाणे! वॉर्डात हे कुठे शक्य आहे, पेशंटच्या छातीतला आवाज बंद-चालू करून दाखवता येत नाही ना. आणि तरीही माझा गोंधळ होतोय बघून तुम्ही टेबलावर बोटांनी ताल धरलात, गणेश चवथीच्या आरतीला ते मातीच्या घड्याचं घुमट वाजवता तसा, म्हणालात घुमटाचं मागचं तोंड हाताने झाकत-उघडत गेलं की आवाज कसा आत घुमतो, तसा खालचा सूर शोध, कडक ठोका शोधू नको. तिथे मला ऐकू आलं. खरंच आलं.

अजून एक गोष्ट तुम्ही सांगितली नसती तर मी परत फसले असते. आपल्या मशीनला स्टेथो किती दाबलाय ते कळत नाही, स्पीकर आहे तो, वाजणारच. पण खऱ्या माणसावर बेल, म्हणजे स्टेथोची खालचे सूर ऐकायची वाटीसारखी बाजू, अगदी हलकी टेकवायची, दाबली की कातडी ताणून तिचाच डायफ्रॅम, म्हणजे वरचे सूर ऐकायचा सपाट पडदा, होतो आणि तो खालचा सूर गायब.

पुढच्या महिन्यात वॉर्डात काणकोणच्या एक मावशी होत्या. स्टेथो तळहातावर चोळून गरम केला, त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं, एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, बेल नुसती टेकवली. तोच आवाज काका! माझे हात थरथरत होते. नंतर इकोमध्येही, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मायट्रल स्टेनोसिसच निघालं.

परवा वाचलं की हृदय तपासायला शिकवणारा हार्वे नावाचा मॅनिकिन मायामीच्या डॉ. मायकल गॉर्डननी 1968 मध्ये पहिल्यांदा दाखवला आणि त्याला नाव दिलं आपल्या गुरूंचं, डॉ. प्रॉक्टर हार्वेंचं. वाचताना तुमचीच आठवण आली. रजिस्टरमध्ये तुमची सही फक्त लॅब उघडल्या-बंद केल्याची असते, आमच्या बॅचला मात्र माहितीये मर्मर कोणी ऐकवला.

चवथ झाली की आईच्या हातच्या नेवऱ्या घेऊन येतेय. एओर्टिक रिगर्जिटेशन, ते दुसऱ्या झडपेतून रक्त मागे गळतं त्याचा आवाज, अजून पक्कं होत नाहीये, तेवढं लावून ठेवा.