कोर्टातून परराष्ट्र खात्याकडे : आई-बाबांना पत्र

मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी परराष्ट्र मंत्रालयातल्या विधी अधिकाऱ्याच्या जागेसाठी अर्ज भरल्याचे सांगितले, तेव्हा आई, तू "नऊ वर्षे काळा कोट घालून जमवलेली पक्षकार मंडळी अशी सोडून देणार का?" असे विचारलेस, आणि बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमचे ते गप्प राहणे मला अधिक लागले. फोनवर नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

2012 च्या फेब्रुवारीतली ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. मी कायद्याच्या वर्गात शिकत होते आणि सुट्टीला हर्णैला आले होते. मासळीचा लिलाव आटोपून आई रिकामी पाटी उपडी घालून अंगणात बसली होती, आणि केरळच्या किनाऱ्यासमोर इटलीच्या तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी होडीवर गोळ्या झाडून दोन मच्छीमारांना मारल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. बाबांनी एवढेच विचारले, "किती लांब होती होडी?" होडी किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर होती. "म्हणजे आपण रोज जातो तिथेच," असे म्हणून बाबा उठून आत गेले. जिथे आपली माणसे रोज जाळी टाकतात, तिथे कोणाचा कायदा चालतो, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

राज्याची हद्द समुद्रात बारा सागरी मैलांवर संपते. म्हणूनच 2013 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळला हा खटला चालवण्याचा अधिकार नाही असे ठरवून तो केंद्राकडे सोपवला. पुढे 2015 मध्ये इटलीने हे प्रकरण देशाबाहेर नेले आणि ऑगस्टमध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे, आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणासमोर, तातडीच्या आदेशासाठी सुनावणी झाली. तिथे भारत सरकारच्या वतीने 'एजंट' म्हणून, म्हणजे देशाच्या नावाने बोलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती म्हणून, नीरू चढ्ढा उभ्या होत्या. त्या परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी सल्लागार होत्या आणि त्या विभागाच्या प्रमुखपदी पोहोचलेल्या पहिल्या महिला होत्या. दोन्ही देशांनी आपापल्या न्यायालयांतली कारवाई थांबवावी असा आदेश पंधरा विरुद्ध सहा मतांनी झाला, मात्र नौसैनिकांना सोडून देण्याची इटलीची मागणी तेव्हा मान्य झाली नाही.

शेवट आपल्याला हवा तसा झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. 2020 मध्ये हेग येथील लवादाने इटलीच्या सरकारी कामावर असलेल्या नौसैनिकांना कायदेशीर संरक्षण असल्यामुळे भारताला त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही असे ठरवले, पण इटलीने भरपाई द्यावी असेही म्हटले. दहा कोटी रुपये आले, दोन्ही कुटुंबांना प्रत्येकी चार कोटी आणि होडीच्या मालकाला दोन कोटी मिळाले, आणि 2021 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. गेलेल्या माणसाची किंमत पैशात होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. परंतु त्या दोन घरांची बाजू परक्या देशातल्या न्यायपीठासमोर मांडायला आपले कोणी असावे लागते, आणि ते काम वकिलाचेच आहे, हे मला त्या कागदपत्रांतून उमगले.

चढ्ढाबाईंचे दुसरे मोठे काम बंगालच्या उपसागरातले. बांगलादेशने 2009 मध्ये सागरी सीमेचा वाद लवादाकडे नेला, तेव्हाही भारताच्या एजंट त्याच होत्या. 2014 च्या जुलैत निकाल लागला आणि वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 चौरस किलोमीटर समुद्र बांगलादेशच्या वाट्याला गेला. बाबा, खाडीसारखा आत वळलेला किनारा असला की शेजाऱ्यांच्या रेषा पुढे जाऊन एकमेकींना मिळतात आणि मधल्याचा समुद्र कोंडला जातो; बांगलादेशचे म्हणणे नेमके हेच होते आणि ते बऱ्याच अंशी मान्य झाले. न्यू मूर नावाचे बेट, जे 1970 च्या चक्रीवादळानंतर वर आले आणि पुढे पाण्याखाली गेले, त्याची जागा मात्र भारताच्या बाजूला राहिली. भारताने हा निकाल मान्य केला. एवढा समुद्र दुसऱ्याकडे जाऊनही दोन शेजाऱ्यांमधले जुने भांडण गोळी न झाडता मिटले, याचे मोल मला फार वाटते, आणि अशा निकालानंतरही मान ताठ ठेवून काम करत राहणाऱ्या बाईंविषयी आदर वाटतो.

2017 च्या जूनमध्ये त्याच हॅम्बुर्गच्या न्यायाधिकरणावर नऊ वर्षांसाठी न्यायाधीश म्हणून त्यांची निवड झाली. पहिल्याच फेरीत त्यांना 120 मते मिळाली. तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. एकवीस न्यायाधीशांच्या त्या न्यायाधिकरणात त्याआधी फक्त एकच बाई होती.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, आणि लग्नाचे काय, हे तू विचारले नाहीस तरी मला ऐकू आले. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये रुजू झाल्या. पुढे त्या सेवेत असा नियमच होता की बाईने लग्नापूर्वी लेखी परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात अडचण येते असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावा लागेल. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांतल्या भेदभावावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. ती वाट माझ्यासाठी आधीच मोकळी झालेली आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

माझी चालू प्रकरणे मी वाऱ्यावर सोडणार नाही. निवड झालीच तर प्रत्येक पक्षकाराची फाईल माझ्या हाताने दुसऱ्या वकिलाकडे देईन, हा शब्द देते.

बाबा, जाळे कुठे अडकते, कुठे किती वाव खोल पाणी आहे, हे तुम्ही ज्या निळ्या वहीत लिहून ठेवता, ती दादाने होडीवर नेली असेल तर परत आणून ठेवावी. नारळी पौर्णिमेला मी घरी येईन तेव्हा तिच्यातली प्रत्येक नोंद मला तुमच्याकडून समजून घ्यायची आहे. तोपर्यंत तुमचे मत मात्र मला कळवा, नाही असले तरी चालेल.

तुमची लेक