जुनी हार्ड डिस्क ग्राहकाच्याच हाती राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर असलेले बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसल्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक त्या एका तारखेने जुने ठरले. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवण्याची सोय आहे खरी, पण ती अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे बाजारात 'जुना द्या, नवा घ्या' अशी धामधूम सुरू झाली असून, ग्राहकाने आपल्या फायलींचे काय, असे विचारले की दुकानदार ठरलेले उत्तर देतो : "डेटा टाकून देतो." या तीन शब्दांत नेमके काय येते आणि काय येत नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मी वाईत वीसहून अधिक वर्षे अक्षरजुळणीचा व्यवसाय केला आणि आता निवृत्तीनंतर एका छोट्या वाचनालयाचे हिशेब सांभाळतो. गेल्या नोव्हेंबरात मी माझा संगणक बदलला. सकाळी जुना संगणक दुकानात दिला, संध्याकाळी नवा घरी आला आणि त्याच्या पडद्यावर 'डेटा' नावाचे फोल्डर होते. त्यात डॉक्युमेंट्स, छायाचित्रे, डेस्कटॉपवरच्या फायली, डी ड्राइव्हवरचे सगळे, असे व्यवस्थित ठेवलेले होते. आठवड्याने वाचनालयाची पावती नोंदवायला बसलो तेव्हा लक्षात आले की टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्यात नाही, कारण तो डॉक्युमेंट्समध्ये नसून सी ड्राइव्हवर टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात होता. दुकानात दूरध्वनी केला, तर जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रात बसवलीसुद्धा होती. माझ्याकडे पेन ड्राइव्हवर बॅकअप होता तो मार्चअखेरचा. त्या कारागिराला मी फारसा दोष देत नाही. तासाभराच्या कामात माणूस जिथे डेटा असतो असे समजतो तिथूनच तो उचलणार, आणि कुठे काय ठेवले आहे हे त्याला सांगणे माझे काम होते. दोष आहे तो तपासणीपूर्वीच डिस्क पुसून टाकण्याच्या रिवाजाचा.

हिशेब पावत्यांवरून पुन्हा उभे करता येतात. दुसरे नुकसान मात्र अधिक किचकट निघाले आणि ते केवळ माझे नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 'डेटा' फोल्डरात जुन्या दिवाळी अंकांच्या, ग्रामदैवतांच्या स्मरणिकांच्या आणि एका शिक्षकांनी लिहिलेल्या गावाच्या इतिहासाच्या फायली आल्या होत्या. एकही कमी नव्हती. पण उघडून पाहावे तर मराठीऐवजी रोमन अक्षरे, उच्चारचिन्हे आणि कंसांचा चिवडा. फाइल बिघडलेली नव्हती. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोजमध्ये तिची सोय २००० च्या आवृत्तीपासून झाली, तरी छपाईच्या धंद्यात आम्ही त्यानंतरही बरीच वर्षे श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींचे जुने फॉन्टच वापरत राहिलो, कारण आमचे सगळे काम पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर चाले आणि २००१ मध्ये आलेल्या त्याच्या अखेरच्या आवृत्तीलाही युनिकोड मराठी झेपत नव्हती. या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेला असतो तो रोमन अक्षराचा क्रमांक, आणि त्यावर 'क' किंवा 'ळ' चा मुखवटा चढवण्याचे काम फॉन्ट करतो. तो फॉन्ट राहतो विंडोजच्या फोल्डरात, जे कोणीच 'डेटा' म्हणून उचलत नाही, आणि उचलूही नये असे सर्वसाधारणपणे शिकवले जाते. फॉन्ट गेला की मुखवटा गेला.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. पण प्रत्येक उत्पादकाची अक्षरांची मांडणी वेगळी असल्याने मूळ फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी किंवा संस्थेत २०१० च्या आसपासचे वा त्याआधीचे मराठी टंकलेखन आहे, त्यांनी जुना संगणक बंद करण्यापूर्वी तीन कामे करावीत : फॉन्टच्या फायली वेगळ्या उतरवून घ्याव्यात, त्यांची नावे कागदावर लिहावीत आणि महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ त्याच संगणकावर काढावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बांधला जात असल्याने तो मजकूर निदान वाचता तरी येतो. कुठला फॉन्ट आत गेला आणि कुठला नाही हे पीडीएफच्या माहिती-चौकटीत दिसते, ते एकदा पाहून घ्यावे. माझ्या फायलींचे फॉन्ट मला एका जुन्या सहकाऱ्याच्या कपाटातल्या सीडीवर मिळाले, हे नशीब. सर्वांचेच असे सहकारी आणि असे कपाट असेल असे नाही.

खरे तर फायली उतरवण्याचा सर्वांत बिनधोक मार्ग म्हणजे जुनी हार्ड डिस्कच काढून घेणे. काही शे रुपयांत तिच्यासाठी यूएसबी केसिंग, म्हणजे डिस्क बाहेरून जोडण्याची डबी, मिळते; लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा तिच्या यूएसबी वायरीवरच चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र वेगळा विजेचा अडॅप्टर लागतो. नव्या लॅपटॉपमध्ये जुनी डिस्क बसवायला बहुधा जागाच नसते, तेव्हा केसिंगला पर्याय नाही. जुन्या यूएसबी २.० च्या सॉकेटात ३०० जीबी उतरायला तीन तासांच्या आसपास लागतात, ३.० च्या सॉकेटात तासाभरात काम होऊ शकते, म्हणून निळा सॉकेट शोधावा. फायली नेहमी कॉपी कराव्यात, कट कधीच करू नये. आणखी दोन ठिकाणी लोक घाबरतात. जुन्या यूजरचे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो. तिथे पुढे जाण्याची कळ दाबून काही मिनिटे थांबले की ते बहुधा उघडते, डिस्क खराब झालेली नसते. उलट, डिस्क जोडताच 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा संदेश आला तर कितीही आग्रह झाला तरी नाहीच म्हणावे आणि जाणकाराला दाखवावे.

तिसरी अडचण खरी आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमधली डिस्क आपल्याला कल्पना नसताना कुलूपबंद झालेली असते आणि दुसऱ्या यंत्राला जोडताच ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागते. ही की सहसा संगणक प्रथम सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खाते दुकानातल्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिले असेल, आणि असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे, तर आपल्या घराची किल्ली त्याच्या खिशात आहे असे समजावे. जुना संगणक चालू आहे तोवरच ही की लिहून घ्यावी किंवा कुलूप काढून टाकावे.

विक्रेत्यांकडे आणि त्यांच्या संघटनांकडे माझी मागणी मोठी नाही. जुन्या संगणकाची किंमत हार्ड डिस्कसह आणि हार्ड डिस्कविना अशी दोन प्रकारे सांगावी. ग्राहकाने डिस्क दिलीच, तर नव्या संगणकावर आपल्या फायली स्वतः उघडून पाहिल्याची त्याची सही मिळेपर्यंत, किमान पंधरा दिवस, ती पुसू नये आणि ही अट बिलावर छापावी. डिस्कवर आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती, बँकेची विवरणपत्रे, नातवंडांची छायाचित्रे असतात. झटपट फॉरमॅट मारल्याने जुन्या चुंबकीय डिस्कवरचा मजकूर प्रत्यक्षात पुसला जात नाही आणि सहज मिळणाऱ्या साधनांनी तो परत काढता येतो, हे विक्रेत्यांना आपल्याहून अधिक ठाऊक आहे. मग माझी डिस्क का परत मिळवता आली नाही, असे कोणी विचारील. तिच्यावर नव्या मालकाची विंडोज आणि त्याच्या फायली चढल्या होत्या, एवढेच उत्तर आहे. ती आज कोणाच्या घरी आहे हे दुकानदारालाही आठवत नाही.

वाचनालयाचे एप्रिल ते सप्टेंबरचे हिशेब पावतीपुस्तकांवरून पुन्हा नोंदवून झाले आहेत. ऑक्टोबरमधल्या नियतकालिकांच्या वर्गणीची दोन बिले अद्याप सापडायची आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त अक्षरजुळणीकार, वाई (जि. सातारा)