पाइप जमिनीवर का लोळतो?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : कारखान्यांतील हवेच्या पाइपांची व्यवस्था

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस पाळला जातो आणि पुढचा आठवडाभर गोव्यातील वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिळर्ण, होंडा अशा औद्योगिक वसाहतींतील फाटकांवर फलक लागतात, सकाळच्या पाळीला शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. या कार्यक्रमांची मला थट्टा करायची नाही, कारण देखभाल विभागात ३१ वर्षे काढताना त्यांतले कित्येक मी स्वतः भरवले आहेत. परंतु शपथ घेऊन झाल्यावर त्याच कामगाराला आपल्या यंत्रापर्यंत पोहोचताना जमिनीवर लोळणारे तीन-चार हवेचे पाइप ओलांडावे लागतात, हेही मी तितकीच वर्षे पाहिले आहे. हे पत्र त्या पाइपांविषयी आहे.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कॉम्प्रेसरमध्ये दाबलेली हवा लोखंडी पाइपांतून शेडभर फिरवतात आणि तिथून रबरी किंवा पीयूच्या (पॉलियुरेथेन प्लास्टिकच्या) लवचीक पाइपाने ती इम्पॅक्ट रेंच, ग्राइंडर, एअर गन, पॅकिंगचे यंत्र यांना देतात. हा दाब साधारण ६ ते ७ बार असतो, म्हणजे मोटारीच्या चाकात असतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. विजेच्या वायरीला जसे सगळे घाबरतात तसे या पाइपाला कोणी घाबरत नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तिथे पावसाळ्यात दुसऱ्या पाळीला एक हेल्पर ड्रमची ट्रॉली ढकलत वाटेने येत होता. ट्रॉलीचे चाक आडव्या पडलेल्या पाइपावर चढले आणि पाइप ओढला गेला. त्याचा जोड एकाच जुबली क्लिपवर (स्क्रूने आवळायच्या पट्टीवर) होता; तो निसटला आणि सुटलेले टोक सापासारखे फटकारे मारू लागले. त्या टोकाचा पितळी निपल (जोडनळी) शेजारच्या ऑपरेटरच्या गालावर, डोळ्यापासून दोन बोटांवर बसला. सात टाके पडले. चौकशी अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण लिहिले गेले, आणि उपाय म्हणून ‘संबंधितांना समज देण्यात आली’ असे नोंदवले गेले. त्या अहवालावर माझीही सही आहे.

पाइप तिथे आडवा का पडला होता, हा प्रश्न त्या अहवालात कोणीच विचारला नाही. उत्तर सोपे होते. ते यंत्र तीन वर्षांपूर्वी वाटेच्या पलीकडे हलवले होते आणि हवेचा पॉइंट, म्हणजे हवा घेण्याची तोटी, मात्र जुन्या खांबावरच राहिला होता. यंत्र हलवायला क्रेन आणली, पाया घातला, वीज नेली; हवेसाठी एक लांब पाइप जोडला आणि काम झाले असे मानले. तो हेल्पर नसता तर दुसरा कोणीतरी त्या पाइपात अडकला असता.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पाइप जमिनीवर लोळतो तो कामगाराला शिस्त नाही म्हणून नव्हे, तर हवेचा पॉइंट जिथे हवा तिथे नाही म्हणून. शेड बांधताना पॉइंट भिंतींवर काढले जातात, कारण ठेकेदाराला ते सोयीचे असते. यंत्रे मात्र शेडच्या मध्यावर येतात. मधले अंतर लवचीक पाइपाने भरून काढले जाते. त्यानंतर ‘पाइप गुंडाळून ठेवा’ अशी पाटी, आणि तीही इंग्रजीत लावली जाते. आमच्या शेडमध्ये कर्नाटक, ओडिशा आणि बिहारहून आलेली मुले होती; ती पाटी त्यांच्यापैकी किती जणांनी वाचली असेल याची मला शंका आहे. आणि वाचून तरी काय? दर दहा मिनिटांनी लागणारे हत्यार दर दहा मिनिटांनी सोडून पाइप कोण गुंडाळील?

मालकांना सुरक्षिततेची भाषा रुक्ष वाटत असेल तर विजेच्या बिलाच्या भाषेत सांगतो. लांब आणि बारीक पाइपातून हवा जाताना दाब पडतो. हत्याराला जोर येत नाही म्हणून ऑपरेटर तक्रार करतो, आणि पाइप आखूड करण्याऐवजी कॉम्प्रेसरचा दाब वाढवला जातो. दाब १ बारने वाढवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढते. वाढलेल्या दाबामुळे प्रत्येक सैल जोडातून आणखी हवा गळते, म्हणून कॉम्प्रेसर आणखी वेळ चालतो. ३ मिलिमीटरच्या एका भोकातून ७ बारला जी हवा वाया जाते, तिच्यासाठी सुमारे ३ किलोवॅट खर्ची पडतात. दोन पाळ्या आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४,८०० तास, म्हणजे १४,४०० युनिट होतात. युनिटला ६ रुपये धरले तरी ८६,४०० रुपये एका भोकातून फुस्स होतात. जिथे देखभाल ढिली आहे अशा कारखान्यांत कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळून जाणे मुळीच असामान्य नाही. हे आपल्याकडे किती आहे हे पाहायला मोठे उपकरण लागत नाही. रविवारी सगळी यंत्रे बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवावा आणि तो किती वेळ लोडवर जातो (हवा दाबतो), किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो), हे घड्याळ लावून मोजावे. दोन मिनिटे लोड आणि सहा मिनिटे अनलोड, असे दिसले तर चौथा हिस्सा हवा गळतीतच जात आहे. पुढे साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन जोड तपासत जावे. माझा अनुभव असा की बहुतेक गळती लोखंडी लाइनीत सापडत नाही. ती जमिनीवरच्या पाइपात, क्यूआरसीत (चटकन जोडायच्या-सोडायच्या कपलरात) आणि क्लिपांत सापडते, कारण तुडवले जाते ते हेच.

गोव्यात या त्रासाला हवामानाची जोड आहे. जून ते सप्टेंबरमध्ये आपली हवा इतकी ओली असते की १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारा) कॉम्प्रेसर आठ तासांच्या पाळीत जवळजवळ २५ लिटर पाणी बाहेर काढतो. हवा कोरडी करणारा ड्रायर नसेल किंवा पाणी काढायचे ड्रेन नीट सोडले जात नसतील, तर हे पाणी लाइनीतून पुढे जाते आणि सखल पडलेल्या पाइपात साचते. म्हणूनच लाइनीला उतार द्यावा, फाटा मुख्य पाइपाच्या खालून न काढता वरून काढून वळवून खाली आणावा आणि प्रत्येक उतरत्या फाट्याच्या तळाशी ड्रेन ठेवावा, असा जुना रिवाज आहे. नवीन शेडमध्ये मी तो क्वचितच पाळलेला पाहिला. किनाऱ्याजवळच्या कारखान्यांत खाऱ्या हवेने लोखंडी निपल वर्षा-दोन वर्षांत गंजतात. तिथे पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या जोडांवर केलेला खर्च वसूल होतो.

उपाय काय, तर हवा वरून आणावी. यंत्राच्या डोक्यावर मुख्य लाइनीचा फाटा घ्यावा, तिथे एफआरएल (हवा गाळणारा, दाब नेमणारा आणि तेल देणारा संच) आणि बंद करायचा व्हॉल्व्ह हाताला येईल अशा उंचीवर बसवावा आणि तिथून हत्यारापर्यंत शक्य तितका आखूड पाइप द्यावा. एकाच जागी उभे राहून करायच्या कामाला स्प्रिंगसारखा गुंडाळलेला पीयू पाइप आणि हत्याराला बॅलन्सर (वजन वरून तोलून धरणारे साधन) ही जोडी उत्तम. मात्र हा गुंडाळा ताणल्यावर हत्यार मागे ओढतो, म्हणून तो पूर्ण ताणावा लागेल अशा अंतरावर कधीही लावू नये, आणि चेहऱ्याच्या उंचीवर लोंबकळू देऊ नये. फिरत्या कामाला होज रील चांगले. रील बसवले की काम संपले असे मात्र समजू नये. स्प्रिंगचे रील पाइप सोडून दिल्यावर तो झपाट्याने आत ओढते आणि शेवटचा कपलर गोफणीतल्या दगडासारखा येतो. म्हणून पाइप हातात धरून रीलपर्यंत चालत न्यायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवावे लागते. वाट ओलांडणे अटळच असेल तर पाइपावर रबरी रॅम्प टाकावा. तो तात्पुरता उपाय आहे हे लक्षात ठेवावे, कारण आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टी सेवानिवृत्तीपर्यंत टिकतात.

पाइप हाताने गुंडाळायचाच असेल तर कसा, हे मला कारखान्यात कोणी शिकवले नाही. तरुणपणी झुआरीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डात असताना एका वृद्ध खलाशाने दोराचे वेढे एक सरळ, एक उलट असे घालायला शिकवले, म्हणजे दोर सोडताना पीळ पडत नाही. बाणावलीच्या किनाऱ्यावर रांपणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) लांबलचक दोर ज्या निगुतीने रचून ठेवलेले दिसतात, ती निगा आपल्या हातांना अपरिचित नाही. कारखान्याच्या दारात शिरताना ती कुठे गळून पडते, कोण जाणे. हवेचा पाइपही असाच गुंडाळावा, खिळ्यावर न टांगता रुंद कमानीच्या हुकावर टांगावा, म्हणजे तो एका जागी मुडपून चिरत नाही.

जोडांविषयी मला थोडे कठोर बोलायचे आहे. तारेने आवळलेला पाइप मी आजही पाहतो. बागेला पाणी घालायचा पाइप हवेला लावलेला पाहतो, आणि लहान वर्कशॉपमध्ये तर नळजोडणीचा पीव्हीसी पाइप हवेची लाइन म्हणून भिंतीवर ठोकलेला असतो. तो फुटतो तेव्हा काचेसारखे तुकडे उडवतो. हवेच्या पाइपावर कामाचा दाब छापलेला असतो, तो वाचूनच पाइप घ्यावा आणि टोकाला दाबून बसवलेले फेरूल (धातूचे कडे) असावे. कपलर असा असावा की सोडताना आधी आतली हवा निघून जाईल आणि मगच तो सुटेल. अमेरिकेच्या बांधकामविषयक सुरक्षा नियमांत अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या आतील व्यासाच्या पाइपाला, पाइप फुटल्यास दाब आपोआप कमी करणारी योजना उगमापाशी हवीच, असे बंधन आहे. आपल्या यार्डांत ब्लास्टिंगचे (कणांच्या माऱ्याने गंज काढायचे) पाइप याहून कितीतरी मोठे असतात. तिथे अशी योजना हवी, आणि जोडांवर निदान व्हिपचेकचा, म्हणजे सुटलेला पाइप धरून ठेवणारा, तारदोर तरी असावा.

औषधांच्या कारखान्यांत आणखी एक धोका आहे. हवा आणि नायट्रोजन या दोन्ही लाइनींना एकाच मापाचा क्यूआरसी असला, तर चुकीचा पाइप चुकीच्या जागी सहज बसतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. बंदिस्त जागेत तो माणसाचा श्वास न कळवता हिरावून घेतो. भारतीय मानकानुसार लोखंडी लाइनीला हवेसाठी आकाशी निळा रंग देतात, पण लवचीक पाइप सगळे एकाच रंगाचे विकत घेतले जातात. कपलरचे माप वेगळे ठेवणे आणि पाइपाचा रंगही लाइनीप्रमाणे घेणे, यात खर्चाचा फरक नगण्य आहे.

पाळी संपताना एअर गनने अंगावरची धूळ उडवण्याची सवय तर सर्वत्र आहे. कातडीला जखम असेल तर तिथून हवा शरीरात शिरू शकते, धुळीचा कण डोळ्यात जाऊ शकतो, आणि चेष्टेत दुसऱ्याच्या अंगावर सोडलेल्या हवेने आतडी फुटून माणसे मेलेली आहेत. अमेरिकेत सफाईसाठीची हवा ३० पीएसआयच्या (सुमारे २ बारच्या) आत ठेवण्याचा नियम आहे. आपण निदान कपडे झटकायला एक ब्रश तरी देऊ या.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये जमीन, जिने आणि वाटा अडथळ्यांपासून मुक्त ठेवण्याचे स्पष्ट बंधन घातले गेले. कायद्यांची पुनर्रचना होऊन आता कामगार संहिता आल्या असल्या, तरी वाट मोकळी ठेवणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, हेल्परचे नव्हे. म्हणून कारखाने निरीक्षणालयाला माझी विनंती आहे की, तपासणीच्या वेळी पाइप गुंडाळलेला आहे का, एवढेच न पाहता तो यंत्रापासून किती लांबून आला आहे, हे विचारावे. वसाहतींतील उद्योजक संघटनांनी एका कारखान्यातील चांगली मांडणी इतरांना दाखवण्याची सोय करावी. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना वायसर आणि कानस जशी हातात देतात, तसा फेरूल दाबायचा आणि गळती मोजायचा एक धडा द्यावा. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कडेला पंक्चर काढणाऱ्या गाड्यांवर हाच पाइप पादचाऱ्यांच्या वाटेत, कधी रस्त्यावर पसरलेला असतो. तिथे निरीक्षक पोहोचणार नाही, पण पंचायत पोहोचू शकते.

पॉइंट हलवण्यासाठी काम बंद ठेवावे लागेल, ही सबब मला नेहमी ऐकवली गेली. आपल्याकडे चवथीला (गणेश चतुर्थीला) बहुतेक शेड काही दिवस बंदच असतात. वर सांगितलेल्या अपघातानंतरच्या चवथीत, घरची पूजा आटोपून दुसऱ्या दिवशी, एक फिटर, एक हेल्पर आणि मी असे तिघांनी लाइन बंद करून, आतला दाब पूर्ण सोडून, तो पॉइंट वाटेच्या पलीकडे यंत्राच्या डोक्यावर नेला. सकाळी नऊला सुरुवात केली होती. दुपारच्या जेवणापूर्वी लाइनीत पुन्हा हवा भरली.

आपला विश्वासू,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक,
म्हार्दोळ, फोंडा – गोवा