मावशी, तुमच्या तीन बादल्यांबद्दल

मावशी, सप्रेम नमस्कार.

आयसीयूतून बरा होऊन घरी निघालेला पेशंट डॉक्टरांच्या पाया पडतो, सिस्टरचा हात हातात घेतो. तेव्हा तुम्ही त्याची रिकामी कॉट पुसत असता. म्हणून हे पत्र.

आधी साबणपाणी, मग हायपो (जंतू मारणारं सोडियम हायपोक्लोराइट), हा क्रम तुम्ही कितीही घाई असली तरी मोडत नाही. रक्ताचा, थुंकीचा चिकटा राहिला तर हायपोची ताकद त्यातच संपते आणि जंतू तसेच राहतात. कठड्याची खालची कडही तुमच्या फडक्यातून सुटत नाही. कठडा धरताना बोटं नेमकी तिथेच वळतात. असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस जगतो. तिथून तो आमच्या न धुतलेल्या हातांवर येतो आणि पुढच्या पेशंटच्या सलाईनच्या नळीपर्यंत पोचतो.

रक्त सांडलं तर 1 टक्का हायपो, आणि पुसायच्या आधी पूर्ण 10 मिनिटं थांबायचं. कॅन 5 टक्क्यांचा असेल तर एका मापाला चार मापं पाणी, 10 टक्क्यांचा असेल तर नऊ. लेबल बघितल्याशिवाय तुम्ही माप भरत नाही. सोलापूरच्या उन्हात हायपोचा दम लवकर जातो, म्हणून कॅन अंधाऱ्या कोपऱ्यात आणि द्रावण दर पाळीला ताजं. संडासाचं ॲसिड तर त्याच्या जवळपासही नाही. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तुमच्या तीन बादल्या म्हणजे साबणपाणी, साधं पाणी आणि जंतुनाशक. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात गढूळ झालेली बादली लगेच ओतून द्यायला मन घट्ट करावं लागतं. तुम्ही ते करता. ओला मॉप रात्रभर बादलीत राहिला तर त्यात स्युडोमोनास हा जंतू वाढतो आणि सकाळी फरशीभर पसरतो. तुमचा मॉप धुऊन, पिळून, उन्हात उलटा टांगलेला असतो.

नवीन आलेल्या दोघींना बादल्या लावायला तुम्हीच शिकवा. आणि आमच्यापैकी कुणी तेच हातमोजे घालून एका कॉटवरून दुसऱ्या कॉटकडे निघालं, तर परवासारखंच सगळ्यांसमोर थांबवा.

मनापासून आभार, मावशी.

तुमचे,
संसर्ग प्रतिबंध पथक, आयसीयू
सोलापूर